एका तासात जातिअंत!

सांता क्लारा काउंटीत नोकरी करणाऱ्या आपल्या बहुतेक बंधुभगिनींना वर्ष-दोन वर्षांतून एकदा एक विधी पार पाडावा लागतो. या विधीला भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही. मनुष्यबळ विभागाचे एक पत्र पुरते. अमुक तारखेच्या आत अमुक प्रशिक्षण पूर्ण करावे, असा त्या पत्राचा आशय असतो. मग आपण संगणकासमोर बसतो. पडद्यावर निरनिराळ्या वर्णांची पाच-सहा माणसे मेजाभोवती बसून हसताना दिसतात. सहकाऱ्याच्या पोशाखावरून त्याची थट्टा करावी काय, असा प्रश्न येतो आणि त्याखाली चार उत्तरे. त्यांपैकी तीन इतकी निर्लज्ज असतात की चौथे निवडण्यावाचून गत्यंतर नसते. तरीही कोणी चुकलाच, तर यंत्र त्याला सौम्य शब्दांत पुन्हा विचार करावयास सांगते. तासाभराने प्रमाणपत्र बाहेर पडते. गंगेत बुडी मारून वर आलेल्याचे जसे सारे पाप धुऊन गेलेले असते, तसा हा मनुष्य पूर्वग्रहमुक्त झालेला असतो. आणि वर्षाअखेरीस कंपनीच्या अहवालात अभिमानाने छापले जाते की आमच्या शेकडा इतक्या कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षण पूर्ण केले.

आमचा प्रश्न साधा आहे. पूर्ण केले, म्हणजे काय झाले?

हा प्रश्न आम्ही प्रशिक्षणाच्या द्वेषापोटी विचारीत नाही. शिक्षणाला पहिले स्थान देणाऱ्या चळवळीने आम्हाला घडविले आहे. माणूस शिकून बदलू शकतो यावर आमचा विश्वास नसता, तर आम्ही आज या देशात नसतो आणि ही स्मरणिकाही निघाली नसती. परंतु ज्या शिक्षणाचा परिणाम कोणी तपासत नाही, ते शिक्षण नव्हे. ती पोथी वाचन केल्याची नोंद आहे. अशा नोंदींनी आमच्या पूर्वजांचे काय भले झाले, हे आम्ही चांगले जाणतो.

कायद्यापासूनच सुरुवात करू. कॅलिफोर्नियात २००४ साली झालेल्या कायद्याने पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या मालकांवर एक बंधन घातले. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना दर दोन वर्षांनी लैंगिक छळाच्या प्रतिबंधाचे दोन तासांचे प्रशिक्षण द्यावयाचे. २०१८ साली हे बंधन पाच माणसांच्या आस्थापनांपर्यंत खाली आणले गेले आणि साध्या कर्मचाऱ्यालाही एक तास बसविण्यात आले. हेतू उत्तम. पण नियमांत मालकाने काय जपून ठेवावयाचे, ते पाहा: हजर असलेल्यांची नावे, तारीख, प्रशिक्षकाचे नाव, शिकवणीचे साहित्य, प्रमाणपत्राची प्रत. ही कागदपत्रे दोन वर्षे सांभाळावयाची. शिकवणीच्या ओघात थोडे प्रश्नही विचारावयाचे. त्या शिकवणीनंतर त्या कचेरीत एकीचा तरी त्रास कमी झाला काय, याची नोंद मात्र या यादीत नाही. दारातून आत आलेल्यांची मोजदाद झाली. आत जाऊन काय झाले, ते दाराबाहेरच राहिले.

वास्तविक ही मोजदाद कशी करावी हे अमेरिकेला ठाऊक नाही असे नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० साली प्रशिक्षकांच्या एका नियतकालिकात चार लेख लिहून प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. या धंद्यातल्या प्रत्येकाला त्या तोंडपाठ असतात. पहिली पायरी, शिकणाऱ्याला शिकवणी आवडली काय? दुसरी, त्याला काही कळले काय? तिसरी, कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले काय? आणि चौथी, त्या बदललेल्या वागण्यामुळे संस्थेत काही वेगळे घडले काय? पहिल्या दोन पायऱ्या स्वस्त आहेत. शिकवणी संपताना एक कागद वाटला की झाले. तिसरी आणि चौथी महाग, कारण त्यांसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, लोकांना विचारावे लागते, आणि उत्तर गैरसोयीचे निघाले तर ते वरिष्ठांच्या मेजावर ठेवावे लागते. म्हणून बहुतेक कंपन्या दुसऱ्या पायरीवर बूट काढून विसावतात. गाडी शिकविणाऱ्या शाळेने आपले यश विद्यार्थ्यांना वर्गातले खुर्चीचे आसन आवडले की नाही यावर ठरवावे आणि रस्त्यावरच्या अपघातांकडे पाहूच नये, तशातला हा प्रकार.

या चार पायऱ्या आम्हाला मात्र कर्कपॅट्रिक साहेबांच्या आधीपासून माहीत आहेत. त्या महाडला आहेत.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा सांभाळली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. सरकारने त्यानुसार खात्यांना आदेश दिले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही आपल्या हद्दीतले चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. सभेत हात वर झाले असतील, सुधारकांनी एकमेकांचे अभिनंदन केले असेल. म्हणजे पहिली पायरी साधली. ठराव साऱ्या गावाला ठाऊक होता, दुसरीही साधली. त्यानंतर तीन वर्षे गेली. तळ्याचे पाणी इतर धर्मीय पीत होते, गुरे पीत होती. आपल्यापैकी एकालाही तेथे उतरण्याची छाती झाली नाही, कारण गावाचे वागणे तसूभरही बदलले नव्हते. कोणी कंपनीचा अधिकारी त्या काळी महाडला असता, तर त्याने खुशाल लिहिले असते: धोरण स्वीकारले, सर्वांना कळविले, काम पूर्ण.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्याले. त्यांच्यामागून हजारो माणसे उतरली. पाण्याची चव पाहण्याकरिता कोणी तेथे गेले नव्हते. त्या ओंजळीने ठरावाचे माप घेतले. ते माप किती भरले, ते त्याच दिवशी कळले. मंदिरात शिरणार असल्याची अफवा उठवून परतीच्या वाटेवरील माणसांना बदडण्यात आले, आणि नंतर १०८ घागरींचा खटाटोप करून शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या साह्याने तळे 'शुद्ध' करण्यात आले. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेस, म्हणजे ४ ऑगस्ट १९२७ रोजी, नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. मोजले नव्हते तोवर ठराव सुखाने नांदत होता. मोजताक्षणी तो रद्द झाला. उच्च न्यायालयातून आपला हक्क पदरात पडावयास १९३७ उजाडले.

आता महाडहून आपल्या खोऱ्यात येऊ. येथेही ठराव आहेत, तळे आहे आणि काठावर उभे राहणारेही आहेत.

३० जून २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क पाहणाऱ्या खात्याने सॅन होजे येथील सिस्को कंपनीविरुद्ध फिर्याद दाखल केली. पुढे ऑक्टोबरमध्ये ती सांता क्लारा काउंटीच्या वरिष्ठ न्यायालयात आली. एका दलित अभियंत्याला जातीवरून डावलले, तक्रार केल्यावर त्याच्यावर सूड उगविला, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. दोन अभियंत्यांविरुद्धचा भाग एप्रिल २०२३ मध्ये खात्याने स्वतःहून मागे घेतला, कंपनीविरुद्धचा दावा पुढे चालला. खरेखोटे ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे आणि निकालापूर्वी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसण्याची आम्हाला हौस नाही. पण फिर्यादीतल्या एका मुद्द्याकडे आपल्या लोकांचे पुरेसे लक्ष गेले नाही. त्यात प्रशिक्षणावरच बोट ठेवलेले होते. जातीवरून होणारा भेदभाव, छळ आणि सूड यांविषयी अधिकाऱ्यांना पुरेसे शिकविले नाही आणि असे प्रकार घडतात काय यावर लक्षही ठेवले नाही, असे खात्याचे म्हणणे होते. शिकविणे आणि लक्ष ठेवणे, हे दोन शब्द एका दमात आले होते. नंतरच्या साऱ्या गदारोळात पहिला शब्द सर्वांनी उचलला, दुसरा कोणी उचलला नाही.

त्या फिर्यादीनंतर काही कंपन्यांनी आपल्या नियमावलीत 'जात' हा शब्द घातला. ॲपलने घातला, आयबीएमने घातला. त्याचे आम्ही स्वागत केले, आजही करतो. परंतु २०२२ सालच्या वृत्तात आयबीएमनेच सांगितले होते की जातीचा उल्लेख असलेले आपले प्रशिक्षण केवळ भारतातील व्यवस्थापकांसाठी आहे. जणू जात विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरच फिरत राहते आणि तिचा मालक रिकाम्या हातांनी बाहेर पडतो! त्याच वर्षी एप्रिलमध्ये माउंटन व्ह्यू येथील गूगलमध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीविषयीचे नियोजित व्याख्यान काही कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर रद्द झाले. जातिभेदाला आमच्याकडे थारा नाही, पण या कार्यक्रमाने एकोप्याऐवजी फूट पडत होती, असे कंपनीचे म्हणणे. कार्यक्रम ठरविणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी नोकरी सोडली. नगरपालिका कोणतीही असो, ठराव मागे घेण्याची भाषा फारशी बदलत नाही.

मग विधिमंडळाचा अध्याय आला. आयेशा वहाब यांनी मांडलेले, जातीचा स्पष्ट उल्लेख करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमताने संमत झाले आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारले. कारण दिले की वंशपरंपरा वगैरे आधारांवरचा भेदभाव आधीच निषिद्ध असल्यामुळे जात त्यात येतेच. वेगळ्या कायद्याची आवश्यकता नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी त्या दिवशी हात टेकले. आम्हाला मात्र वाटते की त्या नकारात आपल्या हाती एक काठी दिली गेली होती आणि ती आपण उचललीच नाही. जात आजच्याच कायद्यात येते, हे राज्याच्या प्रमुखाने लिहून दिले. ठीक आहे. तर मग या खोऱ्यातल्या प्रत्येक मालकाला विचारावयास हवे होते की तुमच्या भेदभावविरोधी प्रशिक्षणात ती कोठे आहे? कोणत्या पानावर? आणि ती शिकविल्यावर काय फरक पडला, ते कोणी व कधी तपासले?

यावर एक उत्तर हमखास येते की अशा गोष्टी मोजता येत नाहीत. मनाचा बदल हा तराजूत घालावयाचा विषय नव्हे. हे उत्तर ज्या खोऱ्यात पडद्यावरच्या कळीचा रंग बदलला तर किती माणसे ती अधिक वेळा दाबतील हे हजारदा मोजले जाते, त्या खोऱ्यातून यावे, यासारखी गंमत नाही.

मोजलेले आहे. फ्रँक डॉबिन, अलेक्झांड्रा कालेव आणि एरिन केली या समाजशास्त्रज्ञांनी २००६ साली ७०८ खाजगी आस्थापनांची १९७१ ते २००२ या काळातील आकडेवारी तपासली. पूर्वग्रह घालविण्याच्या शिकवण्यांचा स्त्रिया व कृष्णवर्णीय यांच्या वरच्या जागांवरील संख्येवर सर्वांत कमी परिणाम दिसला. जेथे ही जबाबदारी एखाद्या अधिकाऱ्यावर वा समितीवर निश्चित केली होती, तेथे संख्या वाढली, आणि तेथेच शिकवणीलाही थोडे बळ आले. २०१९ साली एका मोठ्या कंपनीतल्या तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर तासाभराच्या अशाच संगणकीय प्रशिक्षणाचा प्रयोग झाला. मते थोडी सुधारली. ज्यांचे वागणे सुधारावे म्हणून हा खटाटोप होता, त्यांचे वागणे जवळपास होते तेथेच राहिले. दुसऱ्या पायरीवर उजेड, तिसऱ्या पायरीवर अंधार. असे असूनही एक तासाचे ते प्रमाणपत्र आजही सन्मानाने दिले जाते.

आता आपल्या विरोधकांचे एक माप. नोव्हेंबर २०२४ मध्ये रटगर्स विद्यापीठाशी संलग्न अशा एका संशोधन गटाने अहवाल काढला. काही लोकांना जातीविषयक प्रशिक्षणात वापरला जाणारा मजकूर वाचावयास दिला, इतरांना दुसराच मजकूर. नंतर सर्वांना प्रवेशाच्या मुलाखतीचा एक प्रसंग सांगितला, ज्यात जातीचा उल्लेखही नव्हता. पहिल्या गटाला त्या प्रसंगात अन्याय अधिक दिसला. यावरून असे प्रशिक्षण वैरभाव वाढविते, असा निष्कर्ष निघाला आणि काही मंडळींनी तो डोक्यावर घेऊन नाचविला. आम्ही हा अहवाल फेकून देत नाही. जे शिकविणे समोरच्याला केवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, ते उलटते, असे इतर अभ्यासांतही दिसले आहे आणि आपल्या वक्त्यांनी हे मनावर घ्यावे. पण हे माप कोणत्या पायरीचे? एक मजकूर वाचला आणि लगेच कागदावर मत नोंदविले. कचेरी नाही, वरिष्ठ नाही, बढती नाही, सहा महिन्यांनंतरचा सोमवार नाही. टाळ्या मोजून प्रशिक्षण यशस्वी ठरविणे चूक असेल, तर कपाळावरच्या आठ्या मोजून ते घातक ठरविणेही तितकेच चूक. दोघांची पट्टी आखूडच.

आपल्या बाजूच्या पट्टीबद्दलही बोलू. इक्वॅलिटी लॅब्जच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शेकडा ६७ दलितांनी कामाच्या ठिकाणी अन्यायाची वागणूक मिळाल्याचे सांगितले. हा आकडा आपण प्रत्येक भाषणात देतो. त्या पाहणीत उत्तर देणारे स्वतःहून पुढे आलेले होते, हे मात्र सांगत नाही. दुसऱ्या बाजूला कार्नेगी संस्थेने १२०० भारतीय अमेरिकनांची २०२० साली केलेली पाहणी आहे. तीत जातीवरून भेदभाव अनुभवलेले सुमारे शेकडा ५ निघाले. हा आकडा विरोधक देतात. त्याच पाहणीत जात सांगणाऱ्या हिंदूंपैकी दहांत आठांहून अधिकांनी स्वतःला उच्च किंवा सर्वसाधारण जातीचे म्हटले होते, हे मात्र ते सांगत नाहीत. ज्याच्या पायात काटा नाही, त्याला काटा बोचतो काय असे विचारून काढलेली ती सरासरी आहे. दोन्हीकडे लोकांना काय वाटते ते मोजले गेले. लोकांच्या बाबतीत काय केले जाते, ते राहिले.

ते कसे मोजावे, याचा धडा आपल्याच माणसाने घालून दिलेला आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे पॉल अटवेल यांनी भारतातील खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, फरक नावाचा. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याच्या संभाव्यतेचे गुणोत्तर ०.६७. मुसलमान नावाची दशा त्याहून वाईट, ०.३३. येथे कोणाच्या मनात शिरावे लागले नाही. कोणाला 'तुम्ही जात पाळता काय' असे विचारून नकारार्थी मान हलवून घ्यावी लागली नाही. आडनाव पाठविले आणि टपालाची वाट पाहिली.

कंपनीला खरोखर जाणून घ्यावयाचे असेल, तर असेच साधे माप तिच्या दप्तरात पडून आहे. नव्या प्रकल्पावर कोणाला घेतले, कोणाला जुन्या दुरुस्त्यांवर बसविले; मुलाखत घेणाऱ्यांत कोण होते; ओळखीतून शिफारस कोणाची झाली; दोन बढत्यांमध्ये कोणाची किती वर्षे गेली; तक्रार केलेला माणूस वर्षभरानंतर नोकरीत उरला काय. आणि येथे एक धोक्याचा कंदील. चांगल्या प्रशिक्षणानंतर पहिल्या वर्षी तक्रारी वाढतात. वाढल्याच पाहिजेत, कारण कालपर्यंत जो मुकाट्याने सोसत होता, त्याला आज दार सापडलेले असते. मनुष्यबळ विभागाला मात्र तक्रारींचा शून्य आकडा फार आवडतो. १९२४ ते १९२७ या काळात चवदार तळ्यावर एकही तंटा झाला नव्हता, याची त्या विभागाला कोणीतरी आठवण द्यावी.

अडचण एकच, आणि ती किरकोळ नाही. अमेरिकेत शंभर वा अधिक माणसांच्या खाजगी कंपन्यांना दरवर्षी वंश आणि स्त्री-पुरुष यांनुसार सरकारकडे आकडे भरून द्यावे लागतात. त्या तक्त्यात आपला वरिष्ठ आणि आपण एकाच चौकटीत बसतो: आशियाई. चौकट भरली की कंपनीचे वैविध्य सिद्ध होते. त्या चौकटीच्या आत कोण कोणाच्या पाठीवर हात फिरवून जानवे चाचपतो, कोण 'प्रवेशपरीक्षेत क्रमांक कितवा होता' असे हसतहसत विचारतो, कोण 'अहो, पण मूळ गाव कोणते' असा तिसरा प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही, हे त्या तक्त्याच्या डोळ्यांना दिसावयाचे नाही. म्हणजे मोजावयाचे तर जात विचारावी लागेल. आणि विचारली, तर आपण सांगणार काय?

वाचकहो, येथे आपलीच परीक्षा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या वाडवडिलांनी जात टाकली. ती टाकली म्हणून केंद्र सरकारच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने १९६० साली राज्यापुरत्या दिल्या, केंद्राने द्यावयास १९९० उजाडले. या चौतीस वर्षांत प्रत्येक अर्जाच्या रकान्यापाशी आपली माणसे थबकली. बौद्ध लिहावे की जुनी जात? स्वाभिमान की शिष्यवृत्ती? तो रकाना मागे टाकून समुद्र ओलांडला, आणि आता त्याच रकान्याची मागणी आपणच करावयाची? आम्हाला हा विरोधाभास वाटत नाही. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना काय केले, ते आठवावे. १९३४ च्या सरकारी ठरावात अस्पृश्यांना नोकऱ्यांत रास्त संधी मिळावी एवढीच सदिच्छा होती, प्रमाण नव्हते; त्या सदिच्छेतून पदरात जवळजवळ काही पडले नाही. १९४३ साली शेकडा ८⅓ असे प्रमाण ठरले, तेव्हा सदिच्छेचा हिशेब मागता येऊ लागला. जात नष्ट करू पाहणाऱ्यानेच ती मोजून घेतली, कारण न मोजलेली जात नष्ट होत नाही, ती केवळ अदृश्य होते.

तरीही भीती खरी आहे. व्हिसा मालकाच्या हाती, घराचे हप्ते तीस वर्षांचे, मुले येथल्या शाळेत. आमच्यातल्याच एका कुटुंबात सहकारी जेवावयास येणार म्हटल्यावर दिवाणखान्यातील बाबासाहेबांची तसबीर झोपण्याच्या खोलीत गेली आणि पाहुणे गेल्यावर परत आली. आठ वर्षांच्या मुलीने विचारले, आजोबा आत का बसले होते? या कुटुंबाला आम्ही दोष देत नाही. ते आमचेच घर होते.

म्हणून आमची मागणी अशी. जातीची माहिती कंपनीने स्वतः गोळा करू नये. बाहेरच्या तटस्थ संशोधकांनी, ऐच्छिक आणि निनावी स्वरूपात करावी. उत्तर देणाऱ्यांची संख्या इतकी लहान असेल की माणूस ओळखू येईल, तर आकडा छापू नये. प्रशिक्षणाआधी एकदा, सहा महिन्यांनी एकदा, दोन वर्षांनी एकदा विचारावे, आणि ज्या विभागांना अद्याप प्रशिक्षण मिळालेले नाही त्यांच्याशी ताडून पाहावे. निष्कर्ष कर्मचाऱ्यांसमोर ठेवावा आणि तो सुधारण्याची जबाबदारी नाव घेऊन एका अधिकाऱ्यावर टाकावी. यात नवे असे काही नाही. नव्या औषधाची परीक्षा अशीच घेतली जाते.

आणि वेळ थोडा आहे. २०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनहून वैविध्याच्या कार्यक्रमांविरुद्ध अध्यक्षीय आदेश निघाले. त्यापूर्वी आणि त्यानंतर या खोऱ्यातल्या बड्या कंपन्यांनी आपापले कार्यक्रम आवरते घेतले. मेटाने घेतले, गूगलने भरतीची उद्दिष्टे सोडली. आपल्यातल्या काहींनी हळहळ व्यक्त केली. पण गेले ते नेमके काय, हे त्यांना सांगता येईना. कारण होते तेव्हा काय देत होते, हे कोणी मोजलेच नव्हते. ज्याचा जमाखर्च नाही, त्याचे दिवाळे निघाले तरी कळत नाही.

दुसऱ्याला पट्टी दाखविणाऱ्याने आपला हातही पट्टीखाली धरावा. आपल्या जयंतीच्या कार्यक्रमाचे यश आपण कशावर ठरवितो? किती ताटे उठली यावर. मुलांच्या धम्मवर्गाचे? हजेरीवर. नव्याने आलेल्या अभियंत्यांना आपण दरवर्षी मुलाखतीची तयारी करून देतो. त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली, किती जण वर्षभराने तीत टिकले, तक्रार करण्याची वेळ आली तेव्हा कोणी आपल्याकडे आला काय, याची एक ओळ आमच्या कार्यवृत्तात नाही. आम्ही कार्यवृत्त पुन्हा पुन्हा चाळले. छायाचित्रे भरपूर आहेत.

म्हणून या वर्षीपासून नोंदणीच्या मेजावर, जेवणाच्या कुपनांच्या शेजारी, एक वही ठेवलेली असेल. तीत नाव लिहावयाचे नाही, कंपनीचे नाव लिहावयाचे नाही. पाच गोष्टी लिहावयाच्या: प्रशिक्षण कोणत्या महिन्यात झाले, त्यात जातीचा उल्लेख होता की नाही, त्यानंतरच्या सहा महिन्यांत आडनाव, गाव वा प्रवेशाचा क्रमांक विचारला गेला काय, त्या काळात काम बदलले वा बढती मिळाली काय, आणि काही घडले असल्यास तक्रार केली काय, नसल्यास का नाही. शेवटच्या रकान्यासाठी जागा जास्त सोडली आहे. वही बंद पेटीत राहील, आणि पुढील जयंतीच्या स्मरणिकेत या पानावर तिच्यातील आकडे छापले जातील, ते कितीही थोडे निघाले तरी.